पाठीची माती

“म्हंजे... ठाण्यात जाऊन मी गप बसायचं? तोंडाला कुलूप लावून?”

कुणी बांगड्या भरायला सांगावं, अशा तोंडानं भैरू खोतानं विचारलं.

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या हौदाच्या काठावर बसून लाल माती चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

संध्याकाळची मेहनत आटपली होती. पोरं आपापल्या घरी गेली होती. तालमीत दोघंच उरले होते, म्हातारे वस्ताद आणि त्यांचा सगळ्यात लाडका, सगळ्यात चढेल पठ्ठा.

भैरूवर गुन्हा नोंदला गेला होता. आठवड्याच्या बाजारात पलीकडच्या तालमीतल्या तानाजी इंगळेशी त्याची बाचाबाची झाली आणि तानाजीचा हात मोडला. उद्या सकाळी चौकशीला हजर राहा, अशी पोलीस ठाण्याची नोटीस आली होती. गुन्हा शाबीत झाला तर सात वर्षांपर्यंतचा तुरुंग. पैलवानाची सात वर्षं गेली की त्याचं उरतं काय?

वस्तादांनी निरोप धाडला म्हणून दुपारी सुलक्षणा वकीलबाई येऊन गेल्या होत्या. चपला काढून त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि सरळ मुद्द्याचं बोलल्या.

“तुझ्यावर नेमका काय आरोप आहे, ते विचारायचा तुला हक्क आहे. वकिलाला भेटायचा हक्क आहे. आणि स्वतःलाच गुन्ह्यात गोवणारं काही सांग, अशी सक्ती तुझ्यावर कुणी करू शकत नाही. जाताना मला बरोबर घेऊन जा. आणि तोवर कृपा करून चौकात काही बोलू नकोस. आज ऐकणारेच उद्या साक्षीला उभे राहतात.”

भैरूनं मिशीला पीळ देत ऐकून घेतलं. बाईंची गाडी वळते न वळते, तोच हा पठ्ठा चौकात चहाच्या गाड्यावर फुशारक्या मारायला हजर.

आता तिथूनच तो आला होता, छाती आणखी वीतभर पुढे काढून.

“वकील चोराला लागतोय, वस्ताद. खरं बोलणाऱ्याला कशाला? बाईमाणसाच्या पदराआड लपून ठाण्याची पायरी चढू? तालमीची काय अब्रू ऱ्हाईल?”

“खरं बोलणार हाईस?”

“छाती ठोकून!”

“मग आधी मला सांग.”

भैरू खुलला. याच प्रश्नाची तर तो वाट बघत होता.

“धोबीपछाड, वस्ताद! तान्या अंगावर आला. मनगाट धरलं, घेतला खांद्यावर, आन दिला भिरकावून. समदा बाजार बघत ऱ्हायला.”

“कुठल्या खांद्यावरनं?”

“ह्या.” त्यानं उजव्या खांद्यावर थाप मारली.

चाळण थांबली.

“हात वर कर.”

“आं?”

“त्योच हात. वर कर.”

भैरूनं हात उचलला. तो छातीपर्यंत आला, आणि पुढे जाईना. मागच्या जत्रेत खांदा निखळला होता. रोज सकाळी वस्ताद स्वतः त्याला तेल चोळून देत होते.

“त्या हातानं तुला भांग पाडता येत न्हाई, लेका.”

भैरूनं हात खाली घेतला.

“घसरला त्यो,” शेवटी तो पुटपुटला. “नळाजवळच्या शेवाळावर. माझा हातबी लागला न्हवता.”

“मग तसं का सांगत न्हाईस?”

“कसं सांगू? तान्या इंगळे, अख्ख्या तालुक्यात नावाजलेला गडी. माझ्या म्होरं उताणा पडला, आन म्या पाडलाच न्हाई, असं सांगू? लोक हसत्याल की, वस्ताद!”

असा मूर्खपणा पैलवानच करू जाणे. चार लोक केलेलं नाकबूल करतात, हा न केलेलं कबूल करून बसला होता. आणि त्याला तुरुंगापेक्षा लोकांच्या हसण्याचं भय जास्त होतं. राग यावा की कीव, तेच कळत नाही.

“उद्या ठाण्यात इचारलं तर?”

“...धोबीपछाडच सांगणार हुतो.”

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले.

“कुडता काढ. पाठ कर.”

भैरूनं पाठ केली. वस्तादांनी हौदातली मूठभर ओली माती उचलली आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध फासली. चांगली चोळून.

भैरू तापल्या तव्यावर पाय पडल्यासारखा उसळला. पाठीला माती लागली की कुस्ती गेली, हे शेंबडं पोरही जाणतं. कुठल्याही मैदानात भैरू खोताच्या पाठीला माती लागली नव्हती. सगळा तोरा त्याच्याच जोरावर होता.

“वस्ताद! तुमी हाईसा म्हणून, न्हाईतर... मला पाडलं कुणी?”

“कुणीच न्हाई. चौकात तू सोताच लोळलास.”

वस्तादांनी हाताची माती झटकली.

“चीत करायचं काम कुणाचं असतंय?”

“समोरच्याचं.”

“आन तुझं?”

“पाठ टेकू द्यायची न्हाई.”

“त्या वक्ताला तू आरडून सांगतोस, मी कुठला डाव टाकणार हाय त्ये?”

“न्हाई.”

“गप असतोस. भ्यालेला असतोस म्हणून?”

भैरूनं तोंड उघडलं... आणि मिटलं.

वस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. या पोराला त्यांनी डाव शिकवले होते, दम शिकवला होता, पण असा मिटलेला तो आज पहिल्यांदाच दिसत होता. म्हाताऱ्याचा ऊर अभिमानानं भरून आला. त्यांनी तो दाखवला मात्र नाही.

“गप ऱ्हायाचा हक्क भित्र्यासाठी ठेवलाय, असं तुला कुणी सांगितलं?”

 भैरू मागच्या अंगणात टाकीपाशी गेला.

डाव्या हातानं त्यानं पाठीवर पाणी घेतलं. लाल ओघळ बरगड्यांवरून खाली आले. डावा हात वरून नेऊन पाहिला, खालून वळवून पाहिला. उजवा तर उचलेचना. मधोमध माती होती ती तशीच राहिली.

वर कुडता चढवून तो निघून जाऊ शकला असता. कुणाला दिसणार होतं?

तो ताठ मानेनं उभा राहिला. पाणी अंगावर वाळायला लागलं तरी उभाच.

दारात वस्ताद होते. 

“वस्ताद.”

“हं.”

“पाठीला हात पुरत न्हाई.”

“हं.”

“आन... बाईंना फोन लावा. म्हणावं, सकाळी भैरू खोत तुमच्याबरोबर ठाण्यात येणार. मागनं न्हाई, बरोबरीनं. काय बोलायचं न काय न्हाई, त्ये तुमच्याशी बोलून ठरवणार. आन चौकातली धोबीपछाड झूट हुती, हेबी त्यांना पैल्यांदा मीच सांगणार.”

एवढं बोलताना त्याची मान जराही खाली गेली नव्हती.

वस्तादांनी टाकीतून तांब्या भरून घेतला.

“कुणाचाच पुरत न्हाई, लेका... वाक जरा.”