रडत्या कड्यावरचे पिवळे विष

एका राज्यात सुकेतू नावाचा राजा होता. त्याने डोंगराच्या पोटातला शापित खजिना उघडला, कालदंष्ट्र नावाच्या मायावी राक्षसाच्या सोन्याला हात लावला, आणि त्या दिवसापासून सूर्य कलला की राजाचा लांडगा होऊ लागला. तलवार त्याला लागेना, आग त्याला जाळेना. रोज नगरातले एक घर रडे. लांडगा म्हणजे राजाच, हे फक्त राजकन्या वारुणीला ठाऊक होते. कारण सकाळी त्याच्या दातांतले रक्त तीच धूत असे.

ती रानात वृद्ध धनेश पक्ष्याकडे गेली.

"पक्षिराज, उपाय सांगा."

धनेश म्हणाला, "रडत्या कड्यावर पिवळे दगडफूल उगवते. त्यात कडू विष असते. ते खरवडून आण, पण मागून हाक आली तर ओ देऊ नकोस. लांडग्याने मारलेल्याच्या चितेची राख पाण्यात कालवून त्यात ते विष उतरव आणि चिंचेच्या कोळाने तळाशी बसव. मग स्वतःच्या हाताने लांडग्याला भरव."

"माझे पिताजी मरतील?"

"विषाने लांडगा मरेल. आत माणूस उरला असेल, तरच तो वाचेल."

कड्यावर वारा नव्हता, तरी दगड कण्हत होते. सोन्याला भुललेल्या जुन्या माणसांचेच ते दगड झाले होते. वारुणी शिंपल्याने दगडफूल खरवडू लागली, तोच मागून बापाचा आवाज आला, "वारुणी, मागे बघ! मी पडतो आहे!" तिने जीभ चावली, तोंड रक्ताने भरले; पण ओ दिली नाही.

मग ती भागाई कुंभारणीच्या दारी गेली. भागाईच्या मुलाला कालच लांडग्याने मारले होते.

"आई, त्याच्या चितेची मूठभर राख द्या."

"कशाला?"

वारुणीला खोटे बोलवेना. "लांडग्याला मारायला. तो माझा पिता आहे."

भागाईने तिच्याकडे पाहिले. मग आत जाऊन तिने राखेचे मडके आणले आणि म्हणाली, "ने. आणि माझ्या दारातून लवकर जा."

राखेच्या पाण्यात दगडफूल भिजले, पाणी हळदीसारखे झाले. गाळून त्यात चिंचेचा कोळ घालताच तळाशी विषाचे पिवळे कण बसले. वारुणीने ते मांसात मळले.

सूर्य कलला. महालाच्या अंगणात लांडगा आला. त्याचा गरम श्वास तिच्या मनगटावर आला. कडू वास ओळखून त्याने मान फिरवली आणि दात तिच्या गळ्याकडे वळवले.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्या हातचे खा."

लांडगा थबकला. त्याने तिच्या डोळ्यांत पाहिले आणि समजून उमजून घास घेतला.

तो कोसळला, तडफडला. कातडे उभे फाटले, आणि त्यातून थरथरता, उघडा सुकेतू बाहेर आला. कड्यावरचे कण्हणे थांबले. डोंगर खजिन्यासकट मिटला.

"मी कोणाकोणाला खाल्ले?" राजाने विचारले.

वारुणीने एकेक नाव सांगितले. शेवटचे, भागाईच्या मुलाचे नाव ऐकून त्याने मुकुट तिच्यापुढे ठेवला आणि अनवाणी भागाईच्या दारी गेला.

भागाईने फक्त रिकाम्या घागरीकडे बोट दाखवले; ती रोज तिचा मुलगा भरून आणत असे. राजाने ती उचलली आणि नदीची वाट धरली.