ठकूबाईचा तुंबा

“नाना, माणसं आपली कशी करायची?”

नाना कोयत्यानं चुलीसाठी काटक्या तोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हर्षल कोठावदे अंगणात उभाच होता. ठाकरवाडीपासून नानांच्या झोपडीपर्यंत सगळा उघडा माळ. सावलीला झाड नाही. तो माळ तुडवून तो आला होता, आणि आल्या आल्या हे विचारून मोकळा झाला होता.

समाजकार्याची पदवी घेऊन तो संस्थेत लागला, त्याला वर्ष होत आलं होतं. पहिलीच नोकरी. प्रशिक्षणात पहिला नंबर. ठाकरवाडीचा झरा बांधायचा आणि बायकांची पायपीट थांबवायची, हे काम त्याच्या अंगावर होतं. सिमेंट संस्था देणार, अंगमेहनत वाडीनं करायची. त्यासाठी तो बैठका बोलवायचा. सतरंजी अंथरायचा, वाट बघायचा, सतरंजी गुंडाळायचा. कुणी येत नव्हतं.

उद्या शेवटची बैठक. कचेरीतून साहेब यायचे होते. उद्याही सतरंजी रिकामी राहिली तर काम बंद, आणि हर्षल परत शहरात, टेबलाशी.

“तुम्ही नुसते येऊन बसा, नाना. तुमचा शब्द वाडी खाली पडू देत नाही.”

“मी बसलो तर माणसं मला बघायला येतील. झरा कोण बांधणार?”

हर्षलला ते लागलं. मग तो बोलत सुटला. बाळंतिणीला दवाखान्यात त्यानं पोचवलं. पोरांचे दाखले त्यानं काढले. पायाला फोड येईपर्यंत दारोदार फिरला. त्याच्यात कमी काय होतं?

“आणि घेतलं काय मी कुणाचं? चहासुद्धा नाही. पाणीसुद्धा माझं मी.” त्यानं खांद्याला अडकवलेल्या बाटलीवर हात ठेवला.

“पाणीसुद्धा?”

“बिचाऱ्या डोक्यावरनं आणतात. त्यातलं मी कसं पिऊ? आणि हे तुमच्याकडनंच शिकलो, नाना. प्रशिक्षणात पहिल्या दिवशी हेच सांगितलं आम्हाला. नानांनी शाळा आणली, सडक आणली, पण जन्मात कुणाच्या घरचा घोट घेतला नाही.”

कोयता थांबला.

...

कुडापलीकडून बाजाराची वाट जात होती. तिथून एक माणूस मोळी घेऊन चालला होता. त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, “रामराम नाना” म्हणत वाकला आणि पुढं गेला. हर्षलचा ऊर भरून आला. असा मान मिळायला जन्म घालवावा लागतो, असं त्याच्या मनात आलं.

“वाडी तुला काय म्हणते ठाऊक आहे?” नानांनी विचारलं.

“काय?”

“बाटलीवाला.”

हर्षलचे कान तापले.

“आण ती इकडं.”

त्याला वाटलं, नानांना तहान लागली असेल. नानांनी झाकण काढलं. शेवग्याच्या बुंध्याशी गेले आणि सगळं पाणी सावकाश मुळाशी ओतलं. रिकामी बाटली झोपडीतल्या खुंटीला अडकवली.

“आता जा.”

“नाना, ऊन केवढं आहे... माळ...”

“जा म्हटलं ना.”

कोयता पुन्हा सुरू झाला.

नानांच्या रांजणातलं पाणी मागायचं हर्षलच्या मनात आलं. पण तोही मानी. तसाच निघाला.

अर्धा माळ तो रागानं चालला. पुढं राग वाळला आणि नुसता घसा उरला. जीभ टाळूला चिकटली. त्यात नको ते आठवायला लागलं. वाडीतल्या भाड्याच्या खोलीत संध्याकाळी एकटं बसणं. शेजारच्या अंगणातलं हसणं. आपण दारात आलो की ते हसणं खाली बसणं. वर्षभरात एकही माणूस त्या खोलीचा उंबरा ओलांडून आत आला नव्हता. कुणाला यायचं कारणच नव्हतं.

वाडीचं पहिलं घर ठकूबाईचं. म्हातारी ओट्यावर करवंदं निवडत होती. बैठकीला तीही कधी आलेली नव्हती. हर्षल तिच्या अंगणात उभा राहिला. पाण्यावर तो वर्षभर दारोदार भाषणं करत आला होता, पण आता शब्द फुटेना.

“मावशी... प्यायला पाणी द्याल?”

ठकूबाईनं त्याच्याकडं बघितलं.

“आमच्या हातचं चालतंय?”

आपल्या नकाराचा हा अर्थ हर्षलच्या स्वप्नातही नव्हता. तिनं माठातलं पाणी आणून दिलं. तो उभ्यानं प्यायला. तिनं पुन्हा दिलं. मग तो ओट्यावर टेकला.

म्हातारी निवडता निवडता बोलत राहिली. तो वाडीत नवा आला तेव्हा तिनं गुळाचा चहा केला होता. त्यानं हात जोडले आणि नको म्हणाला. तो चहा तिनं चुलीत ओतला. वाडीनं ओळखलं, पोरगं वरच्या जातीचं आहे, विटाळ मानतंय. मानू दे. त्याच्या सतरंजीला तरी कशाला शिवायचं?

“तसं नव्हतं, मावशी. नानासुद्धा कुणाचं घेत नाहीत.”

“नाना देव हाईत. देवाच्या पाया पडावं. देवाकडं बसाया कोन जातं?” म्हातारी बोळकं तोंड उघडून हसली. “तू पन देवच व्हनार व्हतास. वाचलास.”

निघताना तिनं वाळल्या भोपळ्याचा तुंबा भरून त्याच्या हातात दिला. खोलीवर पाणी नसेल, असू दे म्हणाली. तुंबा मात्र परत आणून द्यायचा.

हर्षलनं तो खोलीच्या दाराला टांगला. कुणाचा तुंबा कुणाच्या दारी, हे वाडीला लांबून कळतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, तेव्हा खोलीपुढं अंथरलेली सतरंजी रिकामीच होती. मग ठकूबाई आली. तुंबा न्यायला आले म्हणाली. तुंबा मांडीवर घेतला आणि सतरंजीवर बसली. ही तिथं का बसली, ते बघायला शेजारणी आल्या. बायका घरी का येईनात, ते बघायला पुरुष आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. दगड कोण वाहणार यावरून भांडण जुंपलं. दोघींनी हर्षललाच झापलं, की झऱ्याची जागा तुला कळत नाही, तू गप बस. तो गप बसला. इतकं बरं त्याला वर्षात वाटलं नव्हतं.

काम चालू ठेवा, म्हणून साहेब गेले.

सकाळ होताच हर्षल नानांकडं निघाला. अंगणात पोचला आणि सगळं एका दमात सांगितलं. ठकूबाई देवाबद्दल काय म्हणाली, तेही हसत हसत सांगून टाकलं.

नाना हसले नाहीत.

हर्षलचं हसू तोंडातच राहिलं.

...

कुडापलीकडून कुणीतरी गेलं. वहाणा काढल्या. वाकलं. “रामराम नाना.” निघून गेलं.

या वेळी हर्षलचा ऊर भरला नाही. त्यानं अंगणाकडं बघितलं. लख्ख झाडलेलं. बाज एकच. दुसऱ्या कुणी टेकावं असं काही नव्हतं, दगडसुद्धा नाही.

नाना उठले. खुंटीवरची बाटली काढून त्याच्यापुढं धरली.

“नको नाना. आता लागत नाही.”

नानांनी बाटली परत खुंटीला लावली. कोयता हातात घेतला. काटकी धरली. पण तोडली नाही.

“हर्षल.”

“जी, नाना.”

“पुन्हा येशील तेव्हा ठकूकडनं तुंबाभर पाणी आण... कुणासाठी, ते सांगू नकोस.”