न आलेलं उत्तर

एका तालुक्याच्या गावी एकदा यंत्रं दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दृष्टी मंदावली, हात कापू लागले, तेव्हा त्यांनी मथुरा नावाच्या आपल्या शिष्येला सांगितलं, "शाळेचं काम एकटीनं कर. ते निभावलंस, तर दुकान तुझं."

काम ते केवढं? शाळेच्या कार्यालयात जुना प्रिंटर काढून नवा बसवायचा. मथुरानं बसवला. छपाई सुरेख. पण त्याच दिवसापासून संगणकाला कसली मरगळ आली कोण जाणे! दाखला उघडायला जावं, तर पडदा पांढराफटक पडून राही. चहा पिऊन, कप विसळून परत यावं, तेव्हा कुठे अक्षरं दिसत. आणि बाहेर दाखल्यांसाठी पालकांची ही रांग.

दोन दिवस मथुरा त्या पडद्यापुढे बसून होती. व्हायरस शोधला, सॉफ्टवेअर पुसून पुन्हा घातलं, नवा प्रिंटर दोनदा काढला आणि दोनदा बसवला. तिसऱ्या दिवशी दुपारी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पाचपर्यंत बघते, मुली. नाहीतर उद्या शहरातून माणूस बोलावते." मथुराच्या अंगात रडायचंही त्राण उरलं नव्हतं. तिनं अण्णांना निरोप धाडला.

अण्णा काठी टेकत आले. संगणकाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. विचारलं, "जुना कुठं आहे?"

"अडगळीत, फाटक्या नकाशांखाली. पण त्याचे रूळ झिजलेत, अण्णा. कागदच ओढत नाही तो."

"आण. जोड."

रांगेतली एक बाई म्हणाली, "घ्या! आता मेलेलं उठवतायत."

मथुरानं ते धूड उचलून आणलं, वायर जोडली, बटण दाबलं. जुना प्रिंटर खोकल्यासारखा घरघरला. "उघड आता दाखला," अण्णा म्हणाले. दाखला क्षणात उघडला.

लिपिक सोनटक्केबाई खुर्चीतच उडाल्या. "अगंबाई! म्हणजे नवाच अवलक्षणी!"

"नव्याचा काही दोष नाही, बाई," अण्णा स्टुलावर टेकत म्हणाले. "दाखला मांडण्याआधी हे संगणकाचं यंत्र आपल्या मुख्य प्रिंटरला विचारतं, बाबा रे, तुझा कागद केवढा, समास किती सोडू? जुना अडगळीत गेला, पण मुख्य म्हणून नाव त्याचंच राहिलं. मग हे दर वेळी त्यालाच हाक मारतं, वाट पाहून पाहून थकतं, आणि अखेर आपल्या अकलेनंच दाखला उघडतं. आज जुन्यानं ओ दिली, एवढंच."

"मग त्याचं नाव काढू का, अण्णा?" मथुरानं विचारलं.

अण्णांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले होते.

मथुरा थबकली. हाच प्रश्न प्रिंटर बसवला त्या दुपारीही तिला पडला होता. तिनं अण्णांना फोन लावला होता. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. विचारून मग करू, म्हणून तिनं ते तसंच ठेवलं, आणि दमून घरी गेली ती विसरूनच गेली. खरं तर उत्तर तिला तेव्हाही ठाऊक होतं.

तिनं पुन्हा विचारलं नाही. नव्याला मुख्य केलं, जुन्याचं नाव यादीतून पुसलं, त्याची वायर काढून घेतली आणि दाखल्यावर क्लिक केलं. दाखला लगेच उघडला. पाचाला दहा मिनिटं कमी होती. रांग पुढे सरकू लागली.

परतताना दोघंही सावकाश चालत होती. दुकानाच्या पायरीशी आल्यावर मथुरा म्हणाली, "त्या दुपारी तुमचा डोळा लागला असेल, नाही का अण्णा?"

"जागा होतो," अण्णा म्हणाले. "फोन उशाशीच वाजत होता."

मथुरा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. रागावण्याजोगं बळ तिच्यात नव्हतं, आणि 'एकटीनं कर' हे त्यांचं बोलणं आठवलं, तेव्हा रागावण्याचं कारणही उरलं नाही. अण्णांच्या कापऱ्या हातात किल्ली कुलपाला लागत नव्हती. तिनं ती त्यांच्या हातातून घेतली आणि दुकान उघडलं.