ज्याचं मैदान त्याला पहिला क्रमांक

सोनवडीत एक भोळा माणूस राहायचा. तसे गावात भोळे पुष्कळ होते, पण पगारी हा एकटाच. नाव सखाहरी. दादासाहेब इंगवल्यांच्या कॉलेजात तो क्रीडा विभागाचा कारकून होता. त्याला काही सांगितलं की तो ते करायचा. सांगितलं तेवढंच करायचा. आणि एकदा शिकलेला धडा पुढच्या खेपेला न विसरता वापरायचा. घात तिथेच व्हायचा.

दादासाहेब कॉलेजचे अध्यक्ष. मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेचेही अध्यक्ष. स्पर्धा दरवर्षी त्यांच्याच हॉलमध्ये व्हायची. हॉलला लाकडी जमीन होती, वर पंखे होते आणि चारही भिंतींवर दादासाहेब होते. दरवर्षी त्यांच्या कॉलेजच्या संघाला पहिलं मानांकन मिळायचं. म्हणजे हा संघ सगळ्यांत तगडा, असं खेळण्याआधीच ठरायचं. मग त्याला न खेळताच पुढे चाल मिळायची, आणि ती चाल थेट अंतिम सामन्यापर्यंत जायची. बाकीच्या पोरी खेळून खेळून दमायच्या आणि शेवटी ताज्यातवान्या संघासमोर उभ्या राहायच्या.

यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. फक्त आडगावच्या पोरींना वाटायचं.

आडगाव डोंगराकडचं. तिथलं कॉलेज दोन खोल्यांचं, मैदान मुरमाचं. उर्मिला पाडवी संघाची कर्णधार होती. तिचं हे शेवटचं वर्ष. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जायचा आणि तिला एकदा तरी तिथं जायचं होतं. "हरवायचं तर हरवा," ती म्हणायची, "पण सरळ हरवा की."

यंदा दादासाहेबांनी सखाहरीला बोलावलं.

"भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कोणाशी भिडणार तो तक्ता, तू तयार कर. आपलं नाव थेट शेवटच्या सामन्यात घाल. आणि बाकीच्यांत आडगाव नि नेरपिंपळ दोन्ही तगडे आहेत. तगडे संघ पहिल्याच दिवशी भिडवायचे नसतात. त्यांना लांब लांब ठेव."

"किती लांब, साहेब?"

"जमेल तेवढं!"

सखाहरीने जमेल तेवढं केलं. त्याने पहिलाच सामना आडगाव विरुद्ध नेरपिंपळ लावला. पण आडगावला बोलावलं सोनवडीत आणि नेरपिंपळला पाठवलं जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

शिट्टी झाली. सोनवडीत आडगावच्या पोरींनी धडाधड बास्केट केले. अडवायला कोणी नव्हतं. तिकडे नेरपिंपळच्या पोरींनीही धडाधड बास्केट केले. अडवायला तिथेही कोणी नव्हतं. संध्याकाळी दोन्ही गावांत पेढे वाटले गेले.

दादासाहेब कडाडले, "अरे गाढवा! संघ एका मैदानावर आणायचे असतात!"

"सगळे?"

"मग काय निम्मे?"

सखाहरीने मान डोलावली. धडा पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने थेट शेवटी खेळणारा साहेबांचा संघ सोडून बाकीचे सगळे संघ एका मैदानावर आणले. सगळे एकदम. चेंडू एकच होता. पंच गर्दीत शिरले, तेव्हा त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. बाहेर आले, तेव्हा नव्हती. कोण कोणाला पास देतंय ते कोणालाच कळेना. एका पोरीने तर मोठ्या शिताफीने पंचांनाच पास दिला. गर्दी पांगली, तेव्हा आडगावची जमुना चेंडू पोटाशी धरून खाली बसलेली सापडली. तिच्या पाठीवर नेरपिंपळच्या तिघी होत्या.

"हे दोन संघ पुढे गेले," पंच म्हणाले. यापेक्षा जास्त बोलायची त्यांच्यात ताकद नव्हती.

"एका वेळी दोघांनाच आत सोडायचं!" दादासाहेब ओरडले. "दोघांनाच! बाकीचे बाहेर! शिरलं का डोक्यात?"

"शिरलं, साहेब."

उपांत्य सामन्याला सखाहरी स्वतः दारात उभा राहिला. आडगावची उर्मिला आत गेली. नेरपिंपळची कर्णधार आत गेली. सखाहरीने दाराला कडी घातली.

"ओ भाऊ, आम्ही राहिलोय!" जमुना बाहेरून ओरडली.

"दोघी झाल्या."

"अहो, संघात पाच जणी असतात!"

"साहेबांना सांगा. मला दोघीच सांगितल्यात."

दोघी एकट्या एकट्या खेळल्या. पास द्यायला कोणी नाही, म्हणून दोघींनी पास दिलाच नाही. बाकीच्या पोरी खिडकीच्या गजांना लटकून ओरडत होत्या, "पळ गं! मागे बघ! मागे कोणी नाहीये, पण बघ!" शेवटी नेरपिंपळची कर्णधार मैदानाच्या मध्यावर आडवी झाली आणि म्हणाली, "उर्मिला, जा बाई तू पुढे. माझ्याकडून त्या हॉलवाल्यांना हरव." उर्मिलाने तिला पाणी पाजलं, मग जाऊन शेवटचा बास्केट केला.

तिथून ती घामेजलेलीच दादासाहेबांच्या खोलीत गेली. विद्यापीठाच्या निरीक्षक मेश्राम मॅडम तिथेच चहा पीत होत्या. सखाहरी कपबशा उचलत होता.

"साहेब, आम्ही तीन दिवस खेळतोय. तुमचा संघ एकदाही खेळलेला नाही. मग मानांकनात पहिला क्रमांक त्यांना का?"

"बाळ, मैदान आमचं आहे ना?"

"त्याचा काय संबंध?"

"रीत आहे. ज्याचं मैदान त्याला पहिला क्रमांक." दादासाहेब सखाहरीकडे वळले. "तूही पाठ करून ठेव रे. म्हणजे पुन्हा घोळ नको."

सखाहरीने पाठ केलं.

मेश्राम मॅडमनी कप खाली ठेवला. "अंतिम सामना या हॉलमध्ये होणार नाही. त्रयस्थ जागा शोधा. आणि उद्या संध्याकाळपर्यंत विजेत्या कॉलेजचं नाव राज्य संघटनेला गेलंच पाहिजे, नाहीतर आपला कोणीच जाणार नाही."

मॅडम गेल्या. दादासाहेब हसले. एवढ्यात जागा कुठली मिळतेय? झक मारत हॉलमध्येच येतील. त्यांनी सखाहरीला सांगितलं, "बघ बाबा जागा. दोघांपैकी कोणाचंही घर नको. कोणाची माणसं टाळ्या पिटणारी नकोत. सपाट असावी, आणि वर जमलं तर पत्रा."

सखाहरीला अशी जागा माहीत होती.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांची गाडी आपल्या संघाच्या बसमागून नदीकाठी पोचली आणि त्यांना घाम फुटला. समोर दोन गावांची सामाईक स्मशानभूमी होती. शेडसमोरच्या फरशीवर सखाहरीने चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या. दोन्ही टोकांना हॉलमधले चाकांवरचे बास्केटचे खांब उभे होते.

"सखाहरी! हे काय आहे?"

"त्रयस्थ जागा, साहेब. इथे कोणाचंच घर नाही. पत्रापण आहे."

मेश्राम मॅडमनी घड्याळ पाहिलं. दुसरी जागा शोधायला वेळ नव्हता. दादासाहेबांच्या संघाची कर्णधार रेवा जहागीरदार बसमधून उतरली आणि बुटाची नाडी बांधू लागली.

"तू बस आत!" दादासाहेब म्हणाले.

"नको, काका. तीन वर्षं बसलेच आहे. आता खेळते."

सामना सुरू झाला आणि थोड्या वेळात अंत्ययात्रा आली. सोनवडीचे भिकाआण्णा सकाळी गेले होते. लोकांनी तिरडी वैकुंठरथातून उतरवून शेडमध्ये टेकवली. लाकडं यायची होती. मंडळी कट्ट्यावर बसली आणि सामना बघू लागली. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. आडगावसाठी नाहीत, हॉलवाल्यांसाठीही नाहीत. सगळ्यांचे चेहरे सारखेच पडलेले. इतके निष्पक्ष प्रेक्षक या स्पर्धेला आजवर लाभले नव्हते.

आणि पोरी खेळल्या! पाच विरुद्ध पाच, एक चेंडू, एक मैदान. रेवा अडवायची, उर्मिला निसटायची. जमुना पडायची आणि पडल्या पडल्या पास द्यायची. कधी हे पुढे, कधी ते पुढे. शेवटच्या क्षणी उर्मिलाने लांबून चेंडू टाकला. तो कड्यावर फिरला, फिरला, आणि आत पडला. रेवाने कपाळाला हात लावला आणि मग तोच हात उर्मिलापुढे केला.

"एका बास्केटने हरले गं."

"सरळ हरलीस ना?"

"एकदम सरळ."

सखाहरी निकाल सांगायला उभा राहिला. त्याने घसा खाकरला.

"पहिला क्रमांक, भिकाआण्णा."

आणि कोणी काही म्हणायच्या आत चषक नेऊन तिरडीवर ठेवला.

मग भिकाआण्णांच्या थोरल्याने हंबरडा फोडला. "आण्णा! आयुष्यभर शेवटचे राहिलात हो! आज पहिले आलात आणि बघायला नाहीत!"

"अरे मूर्खा!" दादासाहेब पुढे धावले. "प्रेताला चषक?"

"ज्याचं मैदान त्याला पहिला क्रमांक, साहेब. इथे राहायला तेच आलेत."

"अरे, पण जो खेळलाच नाही त्याला पहिला क्रमांक देतात का कुठे?"

"हेच," उर्मिला म्हणाली, "आम्ही केव्हापासून विचारतोय."

सगळे दादासाहेबांकडे बघू लागले. मेश्राम मॅडम बघत होत्या, रेवा बघत होती, तिरडीचे खांदेकरीही बघत होते. दादासाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"मग द्यायचा कोणाला, साहेब?" सखाहरीने विचारलं.

"जो जिंकला त्याला!" दादासाहेब ओरडले. "सगळं जो जिंकला त्याला! झालं समाधान?"

हा नियम सखाहरीने नोकरीत पहिल्यांदाच ऐकला. त्याने तो एकदा परत म्हणवून घेतला आणि पाठ केला. चषक उर्मिलाच्या हातात दिला. मॅडमनी तिथूनच संघटनेला फोन लावला आणि आडगावचं नाव कळवलं. पोरींनी उर्मिलाला उचललं. थोरला डोळे पुसत म्हणाला, "घ्या पोरींनो. आण्णांनी हात लावलेला आहे." रेवाचा संघ आपल्या बसने निघून गेला.

आडगावच्या पोरी दुधाच्या टेम्पोतून आल्या होत्या आणि टेम्पो दूध गोळा करायला गेला होता. त्या चालत निघाल्या. सखाहरीने त्यांना थांबवलं, दादासाहेबांच्या गाडीचं दार उघडलं आणि सगळ्यांना आत कोंबलं.

"भाऊ, ही साहेबांची गाडी ना?"

"होती. सगळं जो जिंकला त्याला."

ड्रायव्हरने साहेबांचाच हुकूम समजून गाडी आडगावच्या रस्त्याला लावली. काचेतून हात हलत होते, एका काचेतून चषक हलत होता. दादासाहेब हातवारे करत मागे पळाले. पोरींना वाटलं, निरोप देतायत.

"अरे, मी आता कॉलेजात कसा जाऊ?"

सखाहरीने आजूबाजूला पाहिलं. आण्णांना सोडून वैकुंठरथ रिकामाच सोनवडीला परत चालला होता. सखाहरीने दादासाहेबांना मागे बसवलं, ऊन लागू नये म्हणून आडवं व्हायला सांगितलं, आणि स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी बसला.

कॉलेजच्या फाटकावर शिपायाने काचेतून चेहरा ओळखला. टोपी काढली, दोन मिनिटं उभा राहिला, आणि सुट्टीची घंटा दिली.