भानाची हाक

“दादा, मला हाक का नाही मारलीस?”

भानाने हे चितेला विचारलं, ओहळाला विचारलं, देवळातल्या केशवरायालाही विचारलं. जन्मभर तो विचारत राहिला.

कळंबदऱ्याच्या ओहळाला बारा महिने पाणी असायचं, तेव्हाची ही गोष्ट. गावात दोन भाऊ होते, बैलगाड्या करणारे सुतार. थोरला नाथू, धाकटा भाना. नाथूच्या मनात आलं, केशवरायापुढचा दगडी गरुड नुसता हात जोडून बसलाय, आपण एक उडणारा करू. त्याने सागवानाचा गरुड घडवला. असं म्हणतात, की त्याचा एकेक पंख बैलगाडीएवढा होता. ओहळावर पाणचाक बसवायचं आणि पाण्याच्या जोरावर चैत्राच्या जत्रेत पंख हलवायचे, असा त्याचा बेत होता. पण पंखांच्या वजनाने पाणचाक थबकून राहायचं. एका सकाळी नाथू एकटाच पंखाखाली शिरला आणि खांद्याने रेटू लागला. पंख तोलून धरणारा दोर तुटला, पंख अंगावर आला. भाना तिथेच, हाकेच्या अंतरावर, फळीवर रंधा मारत होता.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले, एकही खाली येईना. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून शब्द द्यायचा, मग कावळा शिवतो. कुणी म्हणालं, “येसूला सांभाळू.” येसू म्हणजे नाथूची बायको. कुणी म्हणालं, “गाय विकणार नाही.” कावळे ढिम्म. तेव्हा भाना ओल्या पंच्यानिशी पुढे झाला आणि ओरडला, “जत्रेला तुझा गरुड मी उडवतो, दादा! शिव आता!”

असं म्हणतात, की शब्द पुरता तोंडाबाहेर पडला नव्हता, तोच कावळा पिंडावर उतरला.

शब्द दिला खरा, पण भानाला येत होतं काय? शाळेत तो गेला होता, ते तिचं छप्पर शाकारायला. गाडीवाल्याला एकच ठाऊक, चाक मोठं तर ओढ सोपी. म्हणून त्याने पाणचाकाच्या आसावर मोठं दातेरी चाक ठोकलं आणि पंखांच्या आसावर लहान. पाणचाक जागचं हललं नाही. भाना भडकला आणि त्याने ओहळाचा बांधच फोडला. सगळं पाणी एकदम धावून आलं आणि लाकडी दात कडाकड मोडले.

“आता तुझ्या चाकाचं नि माझं बोळकं सारखंच रे!” दौलू म्हातारा हसला.

भाना घरी आला. वहिनी दळत होती.

“वहिनी, हे माझ्याच्यानं होत नाही.”

“कावळ्याला शब्द देताना मला विचारलं होतंत, भावजी? दिलात ना? मग रडू नका. या, जरा जातं ओढा, माझा हात भरून आलाय.”

भाना रागातच होता. खुंटा सोडून त्याने जात्याच्या तोंडापाशी पंजा रोवला आणि वरची पाळ फिरवायला गेला. पाळ हलेना.

“अहो, खुंटा धरा! तो काठाला उगाच ठोकलाय का? हात लांबून फिरतो, तेव्हा कुठे दगड ऐकतो.”

भाना खुंट्याकडे बघत राहिला. मग उठला आणि धावतच ओहळावर गेला.

पाणचाकाच्या आसाला दोर गुंडाळून त्याने एक धोंडा लटकवला. पाण्याने तो उचलला. दुसरा जोडताच चाक थांबलं. मग पंखांच्या तेवढ्याच जाड आसाला त्याने तसेच धोंडे बांधले. सात लागले, तेव्हा पंख उठले. म्हणजे पाण्याने सात फेरे मारायचे आणि पंखांचा एक व्हायचा. वेग जायचा, जोर यायचा. आता त्याने लहान चाक पाण्याकडे लावायचं ठरवलं, बारा दातांचं. पंखांकडे मोठं, चौऱ्याऐंशी दातांचं. पण परीघ आखताना त्याने पंच्याऐंशी खुणा केल्या.

“एक जास्तीचा कुणाचा?” वहिनीने विचारलं.

“दादाचा.”

त्या एका दाताने नवल केलं. दर फेऱ्याला दातांचे जोडीदार बदलू लागले. त्याच दाताशी तोच दात भिडत राहिला नाही, भार सगळ्यांना सारखा वाटला गेला. असं म्हणतात, की ते चाक तीन पिढ्या चाललं आणि त्याचा एकही दात दुसऱ्याच्या आधी झिजला नाही.

जत्रा भरली. भानाने पाणी सोडलं. पाणचाक गरगरलं, पंख तसेच.

“अरे, हा गरुड की गोगलगाय?” दौलू म्हातारा ओरडला.

“थांब आजा,” भाना म्हणाला, “पाणी अजून दळतंय.”

आणि पंख उठले. सावकाश उठले, पण उठतच गेले. देवळावर सावली पडली, जत्रेवर पडली, पलीकडच्या शेतांवरही पडली. असं म्हणतात, की आभाळातल्या घारी खाली येऊन त्याच्या पाठीवर बसल्या. येसूने डोळ्यांना पदर लावला. भानाने वर पाहून इतकंच म्हटलं, “बघ दादा, कुणाला खांदा लावावा लागला नाही.”

पुढे कुणी एकट्याने काही जड उचलताना दिसलं, की भाना त्याच्यावर खेकसायचा, “हाक मारायला तोंड नव्हतं?” मग गाव हाक मारू लागलं आणि भाना येऊ लागला. चिखलात रुतलेली गाडी असो की विहिरीत पडलेली म्हैस, तो लहान-मोठी चाकं आणि दोर घेऊन यायचा. असं म्हणतात, की हाकेचा घुमारा डोंगरावरून परतायच्या आत भाना पोचलेला असायचा.

आजही कळंबदऱ्यात कुणी धान्याचं पोतं एकट्याने उचलत नाही. आधी “भाना, ये रे!” अशी हाक देतात, आणि ती ऐकून जो जवळ असेल तो हातातलं काम टाकून येतो.

भाना पार थकला, तेव्हाची शेवटची गोष्ट. देवळापुढे दीपमाळ उभी करायची होती. तळाचा दगड काही केल्या हलेना. सवयीने कुणीतरी हाक मारली आणि मग जीभ चावली, कारण म्हातारा अंथरुणाला खिळलेला होता. पण तो आला, काठी टेकत. दोर नाही, चाक नाही. त्याने सगळ्यांना दगडाभोवती गोल उभं केलं आणि ज्याच्या-त्याच्या उंचीप्रमाणे जागा दिली, भार सारखा वाटला जाईल अशी. एक जागा उरली. तिथे तो स्वतः वाकला, पंजा दगडाखाली घातला आणि म्हणाला, “हं, उचला.”