तीन मुसळं, एक उखळ
ऐका, फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका राज्यात एक तरुण गवई होता. गळा असा गोड, की त्याचं त्यालाच कौतुक! पण गुरूंनी अजून त्याला गंडा बांधला नव्हता, आणि गंडा नाही तर दरबारात गाणं नाही, असा तिथला रिवाज.

गुरूंनी त्याला आपला तंबोरा दिला आणि सांगितलं, नदीकाठच्या गावात जाऊन महिनाभर गा. गावानं आपणहून पुन्हा बोलावलं तर गंडा बांधीन, नाहीतर तंबोरा परत आणून दे.

गवयाला हा हातचा मळ वाटला. गावात घरोघरी भात कांडणं चाललं होतं. त्यानं तंबोरा जुळवला आणि बायकांना मुसळं खाली ठेवायला लावली. ठेवली बिचाऱ्यांनी. पण चुलीवर काय तंबोरा शिजवायचा? आठवडाभरात समोर उरलं एक कुत्रं, आणि तेही घोरायचं.

महिन्याचे चार दिवस उरले. गवई रडवेला होऊन गुरूंकडे परत निघाला. वाटेत तीन बायका एकाच उखळात कांडत होत्या, चौथी हातानं भात सारत होती. कुणाचं मुसळ कुणाला लागेना. हे जमतं कसं? त्याला राहवेना, त्यानं विचारलंच.

त्यांतली ओवी म्हणणारी म्हातारी तुळसाआत्या म्हणाली, "ओवीवर मुसळ पडतं, लेकरा. ओवी तुटली तर सारणारीचा हात ठेचतो. तू मुसळं थांबवलीस, तेव्हा आमचं गाणंच थांबवलंस की."

गवई खजील झाला. त्यानं तंबोरा भिंतीला टेकवला आणि भात सारायला बसला. तीन दिवस नुसता ऐकत राहिला.

चौथ्या दिवशी कांडता कांडता आत्याचा आवाज बसला. मुसळं अडखळली, आणि उखळात हात होता गवयाचा! त्यानं तीच ओवी उचलली, ना तान, ना हरकत. मुसळं पुन्हा लयीत पडू लागली. हात वाचला.

महिना सरला. एकही मैफल न करता तो मान खाली घालून तंबोरा परत द्यायला गेला. तेवढ्यात गावच्या दोन बायका दारात उभ्या राहिल्या.

"आत्याचा आवाज अजून बसलेलाच आहे," त्या गुरूंना म्हणाल्या. "आमचा गवई परत धाडा."

गुरूंनी तंबोरा घेतला नाही. त्यांनी गंडा काढला आणि उखळातून वाचलेल्या त्याच मनगटावर बांधला.

तात्पर्य: जो लोकांचं गाणं ऐकतो, त्याचंच गाणं लोक ऐकतात.