खो कुणाला द्यायचा?

मिरजेच्या शेडबाळे अण्णांचा ऑनलाइन छपाईचा धंदा होता. गिऱ्हाइकानं मोबाइलवरून लग्नपत्रिकेचा मजकूर पाठवायचा, अण्णांनी पत्रिका छापून घरपोच द्यायची. धंदा वाढेना, म्हणून अण्णांनी खो-खोच्या विजेत्या संघाचे प्रशिक्षक घोरपडे सर सल्ल्याला आणले.

सरांनी छापखान्यात एक फेरी मारली आणि निकाल दिला, "पळतो तोच जिंकतो! मशीनवाले पळतात, पॅकिंगवाले पळतात. या आठ बायका मात्र बसून नुसत्या पत्रिका वाचतात. त्यांना घरी पाठवा!"

अण्णा पुरते गोंधळले. मजकूर तपासणाऱ्याच गेल्या, तर चुका कोण धरणार? पण एवढ्या मोठ्या माणसापुढे बोलायचं कसं?

आठांतल्या प्रमिलाताई मगदूम उठल्या. वय पंचावन्न, गुडघे दुखरे. "सर, खो-खोत मला बाद करा, आम्ही आजच जातो. फक्त तुमच्या नियमानं खेळायचं, संघात बसलेलं कुणी नको."

सर हसले. अंगणात दोन खांब रोवले, मध्ये रेघ मारली. सर सुसाट धावले. ताई सावकाश रेघ ओलांडून पलीकडे गेल्या. पाठलाग करणाऱ्याला रेघ ओलांडता येत नाही, मागेही वळता येत नाही. सर खांबाला वळसा घालून येईतो ताई पुन्हा अलीकडे! हसावं की सरांना पाणी द्यावं, अण्णांना कळेना.

पाचव्या फेरीला सरांना धाप लागली. सवयीनं त्यांचा हात खो द्यायला पुढे गेला. समोर नुसती रेघ.

"कुणाला खो देताय, सर?" ताईंनी विचारलं. "बसणाऱ्यांना तर तुम्हीच घरी पाठवलंत."